गॅलरीतली पाकोळी



आमच्या र्युसेल्सहाइमला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. आहे ती माइन नदी. हिरवट, संथ, आणि तिच्यावरून वाळू-खडीचे लांबलचक पडाव जातात. थोडं पश्चिमेला जाऊन ती माइंझजवळ ऱ्हाइनला मिळते. डोक्यावरून फ्रांकफुर्टची विमानं, आणि गावात ओपेल मोटारींचा जुना लाल विटांचा कारखाना. अशा ठिकाणी पक्षी काय दिसणार, असं आमच्या इस्राएलमधल्या नातेवाइकांना वाटतं. फोनवर तसं विचारतातही. म्हणून हा लेख.

उन्हाळ्याचा महिना म्हटला की आमच्या पिढीला मे आठवतो आणि मे म्हटला की किनारा. शाळेचा निकाल लागला की मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एस.टी.ची लाल गाडी, आणि मग आजोळ. तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा जिल्हा होता. आमचं आजोळ नवगावच्या अंगाला. जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, ते हेच नवगाव. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं सांगतात, तिथे आता स्मारकाचा स्तंभ आहे. आम्ही लहान असताना आजी त्या बाजूला गेली की डोक्यावरचा पदर नीट करायची आणि आम्हाला गप्प बसवायची. मग परत येताना मात्र तिचं तोंड सुरू. ती बघ टिटवी, तिच्या अंड्यांपाशी जाऊ नकोस, ओरडून गाव गोळा करेल. तो खंड्या. तो काळा पंख वाळवत बसलाय तो पाणकावळा. आणि आंब्यावरून ओरडतोय तो पावशा, "पेर्ते व्हा" म्हणतोय, म्हणजे पाऊस आला. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पक्षी सगळे पाठ होते.

नवगावच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर किहीम. आपल्यात किहीमकर आडनावाची मंडळी आहेत, त्यांचं गाव. पक्ष्यांच्या जगात हे गाव दुसऱ्याच कारणानं मोठं आहे, आणि त्याचा धागा थेट जर्मनीपर्यंत येतो. डॉ. सालिम अली हे नाव मोठ्यांना ठाऊक असेल. मुलांसाठी सांगतो : भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार माणूस, जन्म १८९६, मृत्यू १९८७. १९२९ साली हे गृहस्थ शिकायला बर्लिनला आले, प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांट बेटावरच्या पक्षिकेंद्रात पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं कामही ते शिकले. १९३० साली परत गेले तर मुंबईतली त्यांची नोकरीची जागा पैशाअभावी रद्द झालेली. मग ते आणि त्यांच्या पत्नी तहमीना किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाला वेळच वेळ. ते रोज बसून पाहू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं ते असं : घरटं बांधतो तो नर. अर्धं बांधून थांबतो. मादी येते, आत डोकावते, ओढून-ताणून पाहते, पसंत पडलं तर राहते. मग नर उरलेलं काम पुरं करतो आणि लगेच पलीकडे दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी! त्याआधी हे कोणी इतकं नीट पाहून लिहिलं नव्हतं. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय नवल, हे तर आम्हाला ठाऊकच होतं. पण लिहून कोणी ठेवलं होतं?

असो. आता माइनच्या काठी येऊ या.

इथे आलो तेव्हा पहिली काही वर्षं आम्ही आकाशाकडे पाहिलंच नाही. इस्पितळातल्या रात्रपाळ्या, मुलं, भाषा. घार पहिल्यांदा दिसली तेव्हा मात्र थबकलो. तीच मुंबईची घार! कोळीवाड्यावर घिरट्या घालणारी, हातातला मासा पळवणारी, शेपटी माशासारखी दुभंगलेली. इथे ती मार्चमध्ये येते, नदीवर घिरट्या घालून मेलेले मासे उचलते आणि ऑगस्टमध्ये आफ्रिकेला निघून जाते. नाव श्वार्त्समिलान, पण जात तीच. राखी बगळाही तोच. छोटा निळा खंड्याही तोच, फक्त इथे तो मुंबईच्या खंड्यापेक्षा लाजरा. जुलैच्या सकाळी पाच वाजता नदीवर गेलं तर काठाच्या झुडपातून निळी रेघ ओढल्यासारखा जातो. दिसला म्हणेपर्यंत गेला.

शहराच्या पूर्वेला म्योन्शब्रुखचं अभयारण्य आहे, ओलसर जंगल आणि मोठमोठी कुरणं. हेसनच्या राजघराण्याची शिकारीची जागा होती. आता तिथे ठिपक्यांची हरणं चरतात, आपल्या चितळासारखी दिसतात पण शिंगं तळव्यासारखी पसरट. आणि करकोचे. गेल्या शतकात सत्तरच्या सुमारास हेसन राज्यातून पांढरे करकोचे जवळजवळ नाहीसे झाले होते. आता आमच्या ग्रोस-गेराऊ जिल्ह्यात विजेच्या खांबावर, मुद्दाम उभारलेल्या मचाणावर, जिथे पाहावं तिथे त्यांची घरटी. शेतकरी गवत कापायला ट्रॅक्टर काढतो तेव्हा मागून वीस-वीस करकोचे चालत येतात, बेडूक-उंदीर टिपत, जसे आपल्याकडे नांगरामागून बगळे. इस्राएलमधल्या मुलांनी हेही लक्षात ठेवावं : मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या डोक्यावरून हजारोंनी करकोचे जातात ते पूर्व युरोपचे आणि पूर्व जर्मनीचे. आमचे बहुतेक स्पेनच्या वाटेनं जातात. तेव्हा त्यांच्याबरोबर निरोप पाठवता येणार नाही.

पोपटांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडून लोकलनं वीसबाडेनला जाता येतं. तिथे बीबरिशच्या राजवाड्याची बाग आहे. संध्याकाळी त्या बागेत उभं राहिलं की कानावर येतो तो आवाज आमच्या शाळेच्या पिंपळावरचा. राघू! हिरवेगार, लाल चोचीचे, नराच्या गळ्यात गुलाबी कंठ. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ही पिलावळ, १९७० च्या दशकापासून तिथे राहते. बर्फातसुद्धा. त्यांच्यातच खांद्यावर लाल डाग असलेले मोठे पहाडी पोपटही आहेत. चिनारांच्या ढोलीत घरटी करतात, आणि हल्ली इमारतींना थंडीसाठी जे जाड अस्तर लावतात त्यालाही चोचीनं भोकं पाडतात. त्यामुळे काही लोक त्यांच्यावर रागावतात, बाहेरचे आले आणि इथल्यांची घरं घेतली म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. मात्र खरं सांगायचं तर ढोलीसाठी इथल्या पक्ष्यांशी त्यांची झटापट होते हे आम्ही स्वतः पाहिलं आहे. आपले म्हणून झाकायचं कशाला?

पण या लेखाचा खरा पाहुणा पोपट नव्हे. पाकोळी.

कोकणात पाकोळी म्हटलं की कोणी लहान वटवाघूळ समजतं, कोणी फुलपाखरू. आम्ही म्हणतो ती काळपट पाकोळी, कोयत्यासारखे लांब पंख असलेली, संध्याकाळी घोळक्यानं किंचाळत छपरांवरून फिरणारी. मुंबईला जुन्या इमारतींच्या छज्जाखाली राहतात त्यांच्या कुळातली. तिची सिंधुदुर्गातली एक बहीण वेंगुर्ल्याजवळ समुद्रातल्या खडकांच्या गुहेत राहते आणि लाळेचं घरटं करते. ती घरटी सूप करायला चोरून विकली जात होती, असा हव्यास. इथल्या पाकोळीला जर्मन लोक माउअरझेगलर म्हणतात. माउअर म्हणजे भिंत, झेगलर म्हणजे शिडानं जाणारा. भिंतीतली शिडाची होडी! कुलाब्याच्या माणसाला हे नाव लगेच पटतं.

हा पक्षी जवळजवळ जमिनीला लागतच नाही. खाणं हवेत, पाणी पिणं नदीवरून उडता उडता, झोप हवेत, घरट्याचं पीस आणि काडीसुद्धा हवेत तरंगते तीच पकडायची आणि लाळेनं चिकटवायची. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काही पाकोळ्यांच्या पाठीवर अगदी हलकी यंत्रं बसवली होती. २०१६ साली त्यांनी जाहीर केलं की त्यातल्या काही दहा महिने एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. एप्रिल संपता संपता त्या आफ्रिकेतून इथे येतात, त्याच घरात, त्याच भोकात, तेच जोडपं. दोन-तीन अंडी घालतात, पिलं वाढवतात आणि ऑगस्ट लागताच जातात. म्हणजे वर्षातले तीन महिने काय तो भिंतीचा आसरा. तेवढा नसला तर काहीच नाही.

आमची इमारत चार मजली, साठीच्या दशकात बांधलेली. छपराच्या कडेखाली फळ्यांमध्ये फटी आहेत. आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे पाकोळ्यांचे सख्खे शेजारी. तिसऱ्या मजल्यावर एक जर्मन बाई राहतात, वय ऐंशीच्या पुढे, कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी केलेल्या. त्या २००९ पासून एका चौकटीच्या वहीत लिहून ठेवतात : कुठल्या तारखेला पहिली पाकोळी आली, किती फटींत शिरल्या, शेवटची कधी गेली. हिशेबनीसच त्या. २०२५ च्या पानावर सात घरटी होती.

जून २०२५ मध्ये इमारतीला पराती बांधायला सुरुवात झाली. रंग, आणि भिंतींना ते जाड अस्तर. चांगलीच गोष्ट, हिवाळ्यात आमचं घर गळक्या टोपलीसारखं ऊब सोडतं. पण २७ जून, शुक्रवार, दुपारी कामगारांनी परातींवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी ओढली. आम्ही शब्बाथच्या तयारीत होतो, चपात्या लाटणं चाललं होतं. संध्याकाळी दिवे लावले आणि नेहमीची किंचाळी ऐकू आली, पण वेगळी. बाहेर पाहिलं तर पाकोळ्या जाळीपाशी येतात, वळतात, पुन्हा येतात. एक जाळीला आपटून गेली. आत फटींमध्ये पिलं. बाहेर आई-बाप, घशात किड्यांचा गोळा घेऊन.

इमारतीच्या मालक मंडळींच्या कचेरीत सोमवारी फोन केला. तिकडच्या तरुणानं फार गोडीनं सांगितलं की अशा कोणत्याही पक्ष्यांची आमच्याकडे नोंद नाही. आम्ही म्हटलं, तुमच्याकडे नसेल, तिसऱ्या मजल्यावर आहे. तो म्हणाला, लेखी पाठवा. चाळीस वर्षं इस्पितळात काढल्यावर एक गोष्ट कळते : लेखी पाठवा म्हणणाऱ्याला खरोखरच लेखी पाठवायचं. शेजारीणबाईंच्या वहीची सतरा पानं आमच्या नातीनं मोबाइलवर फोटो काढून पाठवली. एक प्रत शहराच्या निसर्गसंरक्षण खात्याला. इथल्या कायद्यात दर वर्षी परत येणाऱ्या पक्ष्याचं घरटं तो नसतानाही मोडता येत नाही. मग असताना तर नाहीच नाही.

तोवर ऊन वाढत होतं. वाचकांना आठवत असेल, जुलै २०२५ लागताना अख्ख्या युरोपात उष्णतेची लाट होती. २ जुलैला जर्मनीत काही ठिकाणी पारा ३९ अंशांच्या वर गेला. छपराखालची फट म्हणजे भट्टी. अशा वेळी पाकोळीची पिलं कासावीस होऊन तोंडाशी सरकतात आणि उडता यायच्या आधीच खाली पडतात.

१ जुलै, मंगळवार, संध्याकाळी सातला नात गॅलरीतून ओरडली, "आजी, इथे काहीतरी हलतंय!"

परातीच्या फळीवरून घरंगळून ते आमच्या तुळशीच्या कुंडीमागे आलं होतं. (हो, तुळस. सर्दीसाठी. रब्बीनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.) काळपट गोळा, कडांना पांढरी नक्षी असलेली पिसं, बारीक चोच आणि केवढाले काळे डोळे. नातीनं विचारलं, "हिला पाय नाहीत का?" आहेत, पण इवलेसे, चारही बोटं पुढे वळलेली, भिंतीला लटकायला पुरतील एवढेच. लिनियसनंसुद्धा हिचं नाव आपुस ठेवलं, म्हणजे बिनपायाची. आमच्या ह्यांनी ताबडतोब पाण्याची वाटी आणि ब्रेडचा तुकडा आणला. आमच्यातली नर्स जागी झाली. ज्याला गिळता येतं की नाही माहीत नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, मग तो माणूस असो की पाखरू. पाणी फुप्फुसात गेलं की संपलं.

फ्रांकफुर्टला पाकोळ्यांचं इस्पितळ आहे. थट्टा नाही, खरंच आहे, जर्मनीच्या पाकोळी-संस्थेनं चालवलेलं, फक्त ह्या एका जातीसाठी. तिथे फोन लागला. त्यांनी सांगितलं ते बालवाचकांनी नीट वाचून ठेवावं, कारण तुमच्याही गॅलरीत कधी पाकोळी पडेल. पुठ्ठ्याचा खोका घ्या, हवेला भोकं पाडा, तळाशी मऊ कागदी रुमाल ठेवा. पिंजरा नको, त्याच्या तारांत पिसं मोडतात, आणि पाकोळीचं पीस मोडलं तर तिचा जीवच मोडला. ब्रेड, भात, दूध, मांस, गांडुळं काही घालू नका. बोटानं चोचीच्या कडेला पाण्याचा एक थेंब लावा, ती स्वतः पिईल. वर हवेत फेकून पाहू नका, उडत असती तर पडली नसती. अंधारात, शांत ठेवा, आणि आणा.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिलाचं वजन केलं. २४ ग्रॅम. मोठी पाकोळी ४० ग्रॅमच्या आसपास असते, आणि धडधाकट पिलू तर घरट्यात त्याहून जड होतं. मग ते पंखांवर जोर काढून उठबशा काढतं, आपण दंड काढतो तसे, आणि उडण्याआधी वजन स्वतःहून उतरवतं. हे आमचं तर हाडांचा सापळा होतं. चार दिवस उपाशी. थंड पावसात किडे मिळेनासे झाले की पाकोळीची पिलं शरीर गार करून, जवळजवळ निपचित पडून दिवस काढतात. पण उन्हात तेही जमत नाही.

रात्रभर आम्ही आळीपाळीनं उठलो. जुन्या रात्रपाळीसारखं. दर तासाला खोक्याला कान लावायचा, श्वास आहे ना. पहाटे तीनला काहीच ऐकू येईना. झाकण उघडलं तर ते आमच्याकडे पाहत होतं, शांतपणे, जणू विचारतंय, काय काम आहे?

बुधवारी सकाळी साडेसातची लोकल. मांडीवर खोका, शेजारी नात. डब्यात गारवा नाही, माणसं घामानं निथळतायत. समोरच्या एका तुर्की आजोबांनी विचारलं, काय आहे? आम्ही सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे हिचं घरटं मोडणाऱ्याचं भलं होत नाही म्हणतात, आणि त्यांनी आपलं वर्तमानपत्र खोक्यावर छत्रीसारखं धरलं, उन्हाच्या बाजूला. फ्रांकफुर्टपर्यंत हात खाली केला नाही.

इस्पितळात त्या दिवशी रीघ लागली होती. लोक खोके, बुटांचे डबे, एक मुलगा तर हेल्मेट घेऊन आलेला. उन्हाळ्यात तिथे एका वेळी शेकडो पाकोळ्या असतात. रातकिडे भरवतात, एकेका पिलाला हातानं, दिवसातून कितीतरी वेळा. पिसं मोडलेल्या पक्ष्यांना मेलेल्या पक्ष्याची पिसं बसवतात, जुन्या पिसाच्या पोकळ बुंध्यात नवं खोचून. आम्ही आयुष्यभर शस्त्रक्रिया पाहिल्या, असलं कलम पाहिलं नव्हतं. आमच्या पिलाला तपासलं. पंख शाबूत, फक्त भूक आणि पाणी तुटलेलं. कागदावर एक नंबर लिहिला आणि घरी जा म्हणाले. नात दारात अडून बसली. तिला वाटलं होतं आपण रोज भेटायला येऊ शकू, खाऊ घेऊन. पेशंटला भेटायची वेळ इथे नाही, असं तिला समजावलं.

गुरुवारी निसर्गखात्याच्या एक बाई आल्या. गळ्यात दुर्बीण, हातात आमच्या शेजारणीच्या वहीच्या छापील प्रती. अर्धा तास खाली उभ्या राहिल्या आणि मग फोनवर बोलल्या, आवाज न चढवता. ४ जुलैला छपराच्या कडेची जाळी सोडवली गेली आणि त्या बाजूचं काम ऑगस्टपर्यंत बंद. संध्याकाळी सगळे गॅलरीत. शेजारीणबाईंना लिफ्टनं वर आणलं, खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं. पहिली पाकोळी आठ वाजून दहा मिनिटांनी थेट फटीत शिरली. मग दुसरी. बाई पेन्सिलनं रेघा मारत होत्या. सातपैकी चार. उरलेल्या तीन फटींपाशी रात्री दहापर्यंत कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिडीवर चढून पाहिलेल्या कामगारानं काय सापडलं ते आम्हाला सांगितलं, नातीला सांगितलं नाही. तो स्वतः रडवेला झाला होता. जाळी बांधायला त्याला कोणी सांगितलं होतं, त्यात त्याची काय चूक?

आमच्या ह्यांना गेली सहा-सात वर्षं पाकोळीचा आवाज येत नव्हता. वयानं आधी बारीक, उंच स्वर जातात, हे आम्हाला ठाऊक होतं, पण कानातलं यंत्र लावायला ते राजी नव्हते. यंत्र ड्रॉवरमध्ये, बॅटरीसकट. त्या आठवड्यात मात्र रोज संध्याकाळी यंत्र लावून गॅलरीत. "आल्या," असं तेच आधी म्हणायचे. हल्ली फोनही त्यांना ऐकू येतो, त्यामुळे मावशीशी बोलायचं टाळता येत नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं.

२२ जुलैला इस्पितळात फोन केला. नंबर सांगितला. तिकडून उत्तर आलं : ४३ ग्रॅम, आदल्या सकाळी उडाली. हातावर ठेवतात, ती थरथरते, आणि मग जाते. एकदाच. गॅलरीतल्या चार घरट्यांतली पिलंही त्याच सुमारास गेली. त्यांना कोणी वाट दाखवत नाही, आई-बाप बरोबर नसतात, फटीतून बाहेर पडलं की सरळ आफ्रिका.

२ ऑगस्टच्या रात्री तिशा बाव लागला, आपला बिरड्याचा सण. वाल फ्रांकफुर्टच्या देशी दुकानात मिळाले, भिजवून, मोड आणून, सोलून तयार होते. सोलायला नात बसली होती आणि दर चार वालांमागे एक उडवत होती. त्या संध्याकाळी आकाश रिकामं होतं. शेवटची पाकोळी ३१ जुलैला गेली, वहीत नोंद आहे. यिर्मया नबीनं आठव्या अध्यायात आपली वेळ ओळखणाऱ्या पक्ष्यांची नावं घेतली आहेत, त्यात करकोचा आहे आणि सीसही आहे. आजच्या हिब्रूत सीस म्हणजे हीच पाकोळी. यरुशलेममध्ये कोटेलच्या दगडांच्या फटींत, लोक चिठ्ठ्या ठेवतात त्यांच्या वर, पाकोळ्यांची घरटी आहेत. वसंतात त्या आल्या की तिथे त्यांच्या स्वागताचा लहानसा कार्यक्रम होतो. मंदिर पडल्याचा उपास आपण धरतो आणि त्याच्या उरलेल्या भिंतीत ही बिनपायाची बाळंतपणं करते. नातीनं विचारलं, तिकडे जाळी कोण लावतं का? आम्ही म्हटलं, तिथे दुरुस्ती करताना घरटी जपतात, असं वाचलं आहे.

सप्टेंबरमध्ये इमारतीचं काम पुरं झालं. फटी बुजल्या, भिंत लिंबाच्या रंगाची झाली, आणि छपराखाली आठ लाकडी खोकी बसली, खात्यानं सांगितल्याप्रमाणे, मालकांच्या खर्चानं. पाकोळी फार सवयीची असते, नवं घर ती लगेच घेत नाही, दोन-तीन वर्षंही लागतात. खोक्याजवळ तिचाच आवाज लावून ठेवला तर लवकर येते म्हणतात. शेजारीणबाईंनी नव्या वर्षाचं पान आखून ठेवलं आहे : डावीकडे तारीख, मग आठ रकाने. नातीनं वर मराठीत "पाकोळी" लिहिलं, ळ उलटा. बाईंनी तो खोडू दिला नाही.